सकाळची हुतात्मा आणि पिशवीतली फाईल

दहा वर्षांपूर्वी मुलाला घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला निघाले होते. तो तेव्हा चौथीत होता. शाळेत रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं होतं, शेजारी 'नणंदेकडं वास्तुशांत आहे' असं सांगितलं होतं, आणि कुणी विचारलं तर आत्याकडं चाललोय म्हणायचं, असं पोराला पढवून ठेवलं होतं. डॉक्टरांची फाईल कापडी पिशवीत तळाला आणि तिच्यावर शेंगाचटणीचा डबा. पिशवी उघडली तर आधी चटणी दिसावी, हा हिशेब.

कुर्डुवाडी यायच्या आत पोरगं तीन डबे फिरून आलं. त्याला शोधायला उठले तर चार रांगा पुढं आमच्या मागच्या गल्लीतल्या अक्का बसलेल्या. शेजारी त्यांची थोरली मुलगी, खिडकीकडं तोंड करून. अक्का म्हणाल्या, "लग्नाला चाललोय बाई, भावाच्या मेव्हण्याच्या." मी म्हटलं, "आमची वास्तुशांत." मग दोघींनी एकमेकींच्या साड्यांकडं पाहिलं. दोघींच्याही अंगावर रोजच्याच साड्या होत्या.

दुपारी आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो होतो, एकाच मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या बाकांवर. अक्कांच्या मुलीचे हात तेव्हा नीट दिसले. धुऊन धुऊन बोटं पांढरी पडलेली, पेरांवर भेगा. जुनी माणसं ज्याला मंत्रचळ म्हणतात, तो प्रकार. माझं पोरगं पाण्याच्या कूलरचा नळ उघडझाप करत होतं. कुणीच काही बोललं नाही. संध्याकाळी परतीच्या गाडीत अक्का दौंडपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी मासिकात तोंड घातलं होतं. पुढं कितीतरी वर्षं आम्ही भाजीबाजारात भेटलो, गड्ड्याच्या जत्रेत भेटलो, हळदीकुंकवाला भेटलो. त्या दिवसाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

सोलापुरात डॉक्टर नव्हते म्हणून आम्ही गेलो होतो का? सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, शहरात खासगी तज्ज्ञही आहेत. आम्ही अडीचशे किलोमीटर गेलो ते उपचारासाठी कमी आणि न दिसण्यासाठी जास्त. मी विज्ञान शिकवणारी बाई, बी.एस्सी., बी.एड. मेंदू हा अवयव आहे, तो आजारी पडू शकतो, हे मी दरवर्षी पोरांना सांगते. तरी चटणीचा डबा वर ठेवला.

म्हणून 'लोक अडाणी आहेत, त्यांना माहिती द्या, कलंक आपोआप जाईल' हे वाक्य ऐकलं की मला पटत नाही. आमच्या वस्तीत अशिक्षित घरात पोर बरळायला लागलं तर तिन्हीसांजेला चौकात उतारा ठेवतात. लिंबू, भात, हळदकुंकू, सगळं उघड्यावर. कुणाच्या घरचा उतारा आहे हे गल्लीला माहीत असतं आणि गल्ली तो ओलांडून मुकाट जाते. गोळी मात्र चोरून घ्यायची असते. ती लपवणारे आम्ही शिकलेले, पगारदार, 'लोक काय म्हणतील' याचा हिशेब नीट येणारे लोक आहोत. या विषयावरची लाज सांभाळून ठेवण्याचं काम शहरात मुख्यतः आम्हीच केलं आहे.

सोलापूरकरांना येरवडा दोन कारणांनी माहीत आहे. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आमच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांच्या नावाचा चौक आहे, आणि मी जिच्यातून लपत गेले ती गाडीही त्यांच्याच नावाची. दुसरं येरवडा म्हणजे मनोरुग्णालय. राज्यात ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीलाही अशी रुग्णालयं आहेत, पण आमच्याकडं टोमणा एकाच नावाचा: "ह्याला येरवड्याला न्यायला पाहिजे." वर्गात हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, फळ्याकडं तोंड करून, पोरांना हसवायला. शिव्यांची तर आमच्या गावात चैन आहे. मराठीत वेडा, कन्नडात हुच्च, तेलुगूत पिच्चोडु, उर्दूत पागल. चारही शब्द इथलं पोर बाराखडीच्या आधी शिकतं.

पण माझ्या मुलाला यातलं काहीही कुणी म्हणालं नाही. त्याला म्हणायचे वांड, द्वाड, टवाळ, पायाला भिंगरी लावलेला. घरातली मंडळी म्हणायची, लाडानं बिघडलाय. सासूबाई तोंडावर म्हणाल्या होत्या, "तुझी नोकरी. दुसऱ्याची पोरं सांभाळते, आपलं मोकाट." हे ऐकत ऐकत माझ्या हळूहळू लक्षात आलं की आपण ज्याला कलंक म्हणतो तो एक नाही, दोन आहेत, आणि त्यांची तोंडं उलट दिशांना आहेत. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, झालेल्या माणसाला लोक भितात. तो दगड मारेल, अंगावर येईल, त्याच्याशी सोयरीक नको. माझ्या मुलाला आहे तो एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, स्वतःला आवरता येत नाही असा विकार. तो असलेल्या पोराला कुणी भीत नाही. त्याला दोष देतात, आणि तो पुरला नाही की त्याच्या आईला देतात. पहिल्याचा आजार लोकांना इतका मोठा दिसतो की माणूस दिसेनासा होतो. दुसऱ्याचा आजार दिसतच नाही, नुसता वाईट स्वभाव दिसतो.

याचा परिणाम असा होतो की 'मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच आजार आहे' हे भिंतीवरचं वाक्य पहिल्या माणसाच्या थोडंफार कामी येतं. दुसऱ्याच्या बाबतीत वाचणारा म्हणतो, बरोबर आहे, पण ह्याला कुठं आजार आहे? ह्याला दोन ठेवून द्या.

असा दोष देणं जुनं आहे. जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं 1902 साली लंडनला व्याख्यानं दिली. त्यात अशा मुलांचं वर्णन आहे: बुद्धी चांगली, पण लक्ष टिकत नाही, स्वतःला आवरता येत नाही. त्यानं त्याला नाव काय दिलं, तर नैतिक नियंत्रणातला दोष. त्याच्याही आधी 1798 मध्ये अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरनं लक्ष न टिकण्याच्या विकाराबद्दल लिहून ठेवलंय, तेव्हा 'हे मोबाईल आल्यापासूनचं फॅड' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. वैद्यकशास्त्रानं 'नैतिक' हा शब्द केव्हाच टाकून दिला. तो शिल्लक आहे आमच्या प्रगतिपुस्तकांच्या शेरा रकान्यात. 'हुशार आहे पण प्रयत्न करत नाही.' हा शेरा मी किती वेळा लिहिला असेल, मोजवत नाही.

'प्रयत्न करत नाही' म्हणजे नेमकं काय, ते मला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळलं. तीन अंकी भागाकार. उत्तर त्याला तोंडी येत होतं. वही उघडली, पेन्सिल बोथट निघाली. टोकयंत्र आणायला गेला तो गॅलरीत कबुतर बघत उभा राहिला. परत आणून बसवला. पहिला भाग दिला, तेवढ्यात आठवलं की दप्तरात कागदाचं विमान आहे. पुन्हा बसवला. वजाबाकी केली, हातचा खोडला, खोडताना कागद फाटला, फाटला म्हणून रडला. एका गणिताला चाळीस मिनिटं लागली आणि शेवटी उत्तर बरोबर आलं. त्या चाळीस मिनिटांत त्यानं जेवढे प्रयत्न केले तेवढे माझ्या वर्गातला पहिला नंबर आठवड्यात करत नसेल. एका सत्रात त्यानं पाण्याच्या सात बाटल्या हरवल्या होत्या. सातव्या बाटलीला मी त्याला मारलं. मग दोघंही रडलो.

डॉक्टरांनी जे समजावलं ते शिक्षक म्हणून मला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेतले आणि 2007 साली निष्कर्ष मांडले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी वाढत वाढत कमाल पातळीला पोचते ते मधलं वय इतर मुलांत साडेसात वर्षं निघालं, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, फक्त उशीर, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथं थांबणं, आवरणं, आखणी करणं ही कामं चालतात. मास्तरकीच्या ढोबळ भाषेत सांगायचं तर चौथीच्या पोराकडून आपण चौथीचं बसणं मागतो आणि तेवढ्या एका कामापुरता त्याचा मेंदू पहिलीत असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्के येतो. हे ऐकून आमचे हे आधी हसले, मग गप्प झाले. सुताच्या व्यापारात पाच भागीदाऱ्या करून मोडलेला माणूस. जीएसटीची तारीख दर महिन्याला चुकणारा. स्टेशनवर परत येताना एवढंच म्हणाले, "म्हणजे आमच्या वडलांनी मला पट्ट्यानं मारलं ते ह्याच्यासाठी."

मराठीत याला 'अतिचंचलता' म्हणतात. नाव अपुरं आहे, कारण त्यात फक्त हालचाल दिसते. खिडकीजवळ शांत बसलेली, हाक मारली की दचकणारी, वहीच्या मागच्या पानावर वेलबुट्टी काढणारी मुलगी कुणाला चंचल वाटणार? ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी तक्रारच करत नाही. दहावीत गणित राहतं आणि घरचे स्थळं बघायला लागतात. जगभरातल्या अभ्यासांत मुलांमधलं एडीएचडीचं प्रमाण साधारण पाच टक्के दिसतं. आमच्या शाळेत एका तुकडीत साठ पोरं असतात, म्हणजे सरासरीनं तीन. त्यातल्या दोघांची नावं प्रत्येक शिक्षकाला पाठ असतात. तिसरी बहुधा ती खिडकीजवळची.

एका मुलाबद्दल लिहायलाच हवं. माझं पोर जन्मायच्याही आधीचा, सातवीतला. बाप यंत्रमागवाला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार माग. हे पोर पाच मिनिटं बाकावर टिकायचं नाही. मी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला आणि मानसिक छळाला बंदी घातली ती पुढची गोष्ट, आणि खरं सांगायचं तर वर्गाबाहेर उभं करण्याला आजही कुणी छळ समजत नाही. तो यायचा बंद झाला म्हणून मी घरी गेले. शेडमध्ये आवाज इतका की तोंडाजवळ कान न्यावा लागे. पोरगं चारही मागांमध्ये पळत होतं. आडवा धागा नेणारा धोटा अडकला की त्याला आवाजावरून कळायचं. धागा तुटला की माग थांबवून, गाठ मारून, दुसऱ्या मागाकडं. पंधरा मिनिटं मी नुसती बघत उभी होते. माझ्या वर्गात जे पोर 'लक्षच देत नाही' ते इथं एकाच वेळी चार ठिकाणी लक्ष देत होतं.

अशा ठिकाणी हल्ली लोकांना 'ही तर सुपरपॉवर आहे' असं म्हणायची घाई होते. मला ते आवडत नाही. त्याच्या बापानं चहा पाजताना सांगितलं की धोट्यातली सुताची कांडी संपली तरी ह्याच्या ध्यानात येत नाही, चादरीत आडवी फट पडते, व्यापारी माल परत पाठवतो. म्हणजे घरच्या मागावरही त्याचं नुकसान होतच होतं. आजाराला वरदान म्हणणं ही लाजेचीच दुसरी बाजू आहे. त्यात माणसाला जसा आहे तसा मान मिळत नाही, त्यानं तो काहीतरी अलौकिक करून मिळवायचा असतो. ते पोर आठवीनंतर शाळेत आलं नाही. त्याला एडीएचडी होता की नव्हता हे ठरवणारी मी कोण? पण विचारलं कुणीच नाही, हे मात्र मी ठामपणे सांगू शकते, कारण विचारायचं ते मीच होते. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणणाऱ्यांना मी त्या शेडचा पत्ता देते. आमच्या वेळीही होतं. ते शाळेतून निघून मागावर जायचं आणि पटावरून नाव कमी व्हायचं.

आता दुसरी बाजू, कारण तिच्यातही तथ्य आहे. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघून 'मलापण एडीएचडी आहे' म्हणणारी कॉलेजची मुलं मी पाहते. चावी विसरली, एडीएचडी. पुस्तक संपलं नाही, एडीएचडी. याची चीड येते, पण या मुलांची नाही येत. चीड येते ती आजाराचा दागिना होण्याची, कारण मग खऱ्या त्रासातल्या माणसालाही लोक तसंच हसून घालवतात. निदान इतकं स्वस्त नसतं. त्याला रक्ताची तपासणी नाही, क्ष-किरण नाही, म्हणूनच ते वेळ खातं. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यानं आयुष्य अडायला हवं. झोप पुरत नाही, कानाला कमी ऐकू येतं, घरात रोज भांडणं आहेत, अशानंही पोर तसंच वागतं. आमच्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी माझ्याच शाळेतल्या दोन शिक्षिकांकडून प्रश्नावली भरून मागितली होती. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लाज वाटली. निदानाची नाही, सहकारी बाईंच्या हातात तो कागद द्यायची.

औषधाबद्दलही धास्ती असते. प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही. आईबापांनी वागणं बदलायचं, शाळेनं काम तुकड्यांत द्यायचं, पोराला पुढच्या बाकावर बसवायचं, यानं बरंच साधतं. ज्यांना लागतं त्यांच्यासाठी मिथाइलफेनिडेट हे काही कालचं रसायन नाही, ते 1944 मध्ये तयार झालं. भूक कमी होते, कधी झोप उडते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. आमच्याकडं सुरुवातीचे तीन महिने डबा अर्धा परत यायचा. पण ते मिळवणं हाच एक प्रसंग असतो. औषध 'शेड्यूल एक्स'मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून बहुतेक दुकानं ते ठेवतच नाहीत. गैरवापर टाळायला नियम हवा, मान्य. पण काउंटरवर दहा माणसांत दुकानदार चिठ्ठी उजेडात धरून आधी तिच्याकडं आणि मग पोराकडं बघतो, तेव्हा आपण काहीतरी चोरटं करतोय असंच वाटतं.

ही झाली आमची, पैसे आणि रजा असलेल्यांची कहाणी. विडीकामगार बाईचं काय? तिचा दिवस हजार विड्यांवर मोजला जातो. पोराला घेऊन सिव्हिलच्या रांगेत बसली तर त्या दिवशीचा हजार गेला. तिला कलंकाआधी मजुरी आडवी येते. जे काम तिला विड्या कारखान्यात पोचवल्यावर संध्याकाळी करता येत नाही, ते काम होणार नाही, मग कितीही पत्रकं वाटा. डॉक्टरांशी बोलायची भाषा मराठी आणि घरची तेलुगू असली की अर्धं दुखणं उंबऱ्यातच राहतं. टेलिमानस ही फोनवर मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी 14416 क्रमांकाची सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, ती मराठीत आहे, कन्नडात आणि तेलुगूतही आहे, फुकट आहे. आमच्या शाळेच्या फलकावर मी तो आकडा लिहून ठेवलाय. दर 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, फलक धरून निघणाऱ्या फेरीपेक्षा मला तो आकडा आणि संध्याकाळची ओपीडी या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. फेरीत पोरं चालतात, घोषणा देतात, परत येऊन त्याच वर्गात एकमेकांना हुच्च म्हणतात.

लपवण्याचं टोक काय असतं तेही एकदा सांगते. येरवडा नव्हे, एरवाडी. तमिळनाडूतलं दर्ग्याचं गाव. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तिथल्या एका निवाऱ्याला आग लागली आणि 28 मनोरुग्ण जळून मेले, कारण त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. त्यांना तिथं कुणी टाकलं होतं? बहुतेकांना त्यांच्याच घरच्यांनी. दुष्ट होते म्हणून नव्हे. दमलेले होते, आणि गावात तोंड दाखवायचं होतं. चटणीच्या डब्याखालची फाईल आणि ती साखळी यांत फार मोठं अंतर आहे हे कबूल. पण रस्ता एकच आहे, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी मी पालकसभेत सांगून टाकलं. आधी मुलाला विचारलं, कारण गोष्ट त्याची आहे. तो आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एक विषय राहिलाय, पाण्याची बाटली अजून हरवते. म्हणाला, "सांग की. माझ्या सगळ्या मित्रांना ठाऊकाय." लाज माझीच होती तर. सभेत मी म्हटलं की माझ्या मुलाला एडीएचडी आहे, त्याच्यावर उपचार चालू आहेत, आणि तुमच्यापैकी कुणाला विचारायचं असेल तर मधल्या सुट्टीत या. सभा एकदम गप्प झाली. नंतर सहशिक्षकांपैकी एकानं दारात गाठून सांगितलं, "एवढं जाहीर कशाला बोलायचं? उद्या मुलाचं लग्न करायचंय."

इथंच सगळ्याची मेख आहे. सोलापुरात काय किंवा कुठं काय, हा कलंक टिकवणारी सगळ्यात मजबूत संस्था म्हणजे स्थळ बघणं. पत्रिकेत मंगळ असला तर त्यावर शांती आहे, डोक्याच्या गोळीवर नाही. कायद्याची चाल या बाबतीत बघण्यासारखी आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात फिट्स येणाऱ्याला लग्नाची आडकाठी होती, ती 1999 मध्ये काढली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 मध्ये काढलं. फिट्स औषधानं थांबतात, कुष्ठरोग बरा होतो, हे डोळ्यांनी दिसायला लागलं, बरे झालेले लोक समाजात वावरताना दिसायला लागले, मग कायदा हलला. मानसिक आजार त्या यादीत अजून आहे. गंभीर आजाराच्या बाबतीत जोडीदारालाही संरक्षण हवं, हा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण बरे झालेले, गोळी घेऊन नीट संसार करणारे हजारो लोक जर माझ्यासारखे फाईल लपवूनच फिरणार असतील, तर कायदा करणाऱ्यांना आणि मुलगी बघायला येणाऱ्यांना दिसणार तरी कोण? त्यांना फक्त बिघडलेल्या लग्नांचे खटले दिसतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडं गुन्हेगार म्हणून न बघता तणावाखालचा माणूस म्हणून बघायला लावलं, विमा कंपन्यांना शारीरिक आणि मानसिक आजार एका पातळीवर धरायला सांगितलं. चांगलं झालं. पण बैठकीतल्या पाटावर तो कायदा येऊन बसत नाही.

म्हणून माझं मत असं होतं आणि आहे की लग्नाआधी सांगावं. उपकार म्हणून नव्हे, व्यवहार म्हणूनही. महत्त्वाची गोष्ट दडवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली फसवणूक म्हणून रद्द करून मागता येतं, म्हणजे लपवणाऱ्यानं उद्याच्या वकिलाला मुद्दा आयता दिलेला असतो. त्याहून मोठं कारण म्हणजे गोळी चोरून घ्यावी लागली की ती चुकते, चुकली की आजार उलटतो, आणि मग सगळे म्हणतात, बघा, असल्या माणसाचं असंच होतं.

हे मी स्टाफरूममध्ये फार जोरात मांडत असते. मागच्या आठवड्यात अक्का आल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर. हातात वाटी होती, वर झाकण. पालकसभेतलं माझं बोलणं त्यांच्या जावेनं ऐकलं होतं. थोरलीचं अक्कलकोटच्या मुलाशी जमत आलंय. पोरगी पदवीधर, नोकरी करते, हात आता चांगले आहेत, गोळी मात्र रोज एक चालू. अक्कांनी विचारलं, "सांगू का बाई?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. कायद्याची कलमं, फिट्स, कुष्ठरोग, सगळं. तोंडातून पहिल्यांदा आलं ते असं: "मुलगा कसा आहे?" म्हणजे मीसुद्धा आधी समोरचा काय म्हणेल याचाच अंदाज घेत होते. मग म्हटलं, सांगा. पण तुम्ही नको, तिला सांगू द्या, आणि मोठ्यांच्या बैठकीआधी त्या मुलाला एकट्याला. अक्का बराच वेळ बशीतल्या चहावरची साय बाजूला करत बसल्या. म्हणाल्या, "नाही म्हणाले तर अक्कलकोटभर होईल. धाकटीपण आहे मागं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

जाताना दारात म्हणाल्या, रविवारी बैठक आहे, मुलीकडून म्हणून तुम्हीपण या.